एक्केचाळीस नंबरची भिंत

४ फेब्रुवारी

ताई,

परत तेच लिहिलंस. म्हणे आईचा वेळ छान जातो! नऊ पोरं, नऊ, तुझ्याच पत्रात मोजली मी. आईला तू नव्या घरात राहायला नेलंस की पाळणाघर चालवायला? सकाळी सातला तुमच्या गल्लीतले नवरा-बायको बससाठी पळतात आणि पळता पळता आपापली पोरं आमच्या आईसमोर ठेवून जातात, दुधाची पिशवी दारात ठेवावी तशी. कोण लागतात ती आपली? मागच्या वेळी एवढंच विचारलं तर तू दोन पानं मला झाडलंस. झाड. माझी पाठ निबर आहे.

तुमचं घर मी पाहिलं नाही असं म्हणू नकोस. इथे त्याच मापाच्या एकशे तीस घरांना मी गिलावा केलाय. डोळे बांधून तुझ्या घरात सोड मला. दार उघडलं की डाव्या हाताला बटणं, सहा पावलांवर स्वयंपाकघर, आणि न्हाणीघराचं दार उघडलं की मागच्या खोलीच्या दाराला आपटतं. आपटतं ना? त्या मागच्या खोलीत दुपारी तीनला उन्हाचा एक पट्टा येतो, तो पण पाव तास. आईचं अंथरूण तिथे घातलं असशील तर आजच्या आज पुढच्या खोलीत हलव. भावोजींना म्हणावं, टीव्ही मागे न्या.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. साइटच्या ऑफिसातला फोन पाच मिनिटं मिळतो, मागे तीस माणसं ‘आवर की रे’ करत उभी, आणि पलीकडून तू ‘सगळं ठीक आहे’च्या पुढे जात नाहीस. त्यापेक्षा हे बरं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, ते मला माहीत आहे.

आता मुख्य. माझं घर. एक्केचाळीस नंबरच्या भिंती आता उभ्या राहिल्या असतील. गिलावा झाला की ठेकेदाराची माणसं पाणी मारायला टाळतात, मी स्वतः टाळलंय. गिलाव्याला सात दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. नाही मिळालं तर आधी केसाएवढी रेघ पडते, मग भिंत आयुष्यभर तडकत राहते. आईला सांग, जाता-येता नजर ठेव. कोरडी दिसली तर एखादा तांब्या मारला तरी पुष्कळ. पोराचं घर आहे म्हणावं.

पैसे पुढच्या महिन्यात.

तुझा भाऊ

१९ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

सात वर्षांत अकरा मुकादम बदलणाऱ्या माणसानं मला घर कसं चालवायचं ते शिकवू नये. न्हाणीघराचं दार आपटतं. आईचं अंथरूण पहिल्या दिवसापासून पुढच्याच खोलीत आहे. झालं समाधान?

पोरं कोणी टाकून जात नाही. विचारतात, हात जोडतात. तुला इथलं कळत नाही, म्हणून सांगते. दोनशे बारा घरं आहेत. प्रत्येक दारात एक बाबागाडी, प्रत्येक दोरीवर वीतभर कपडे. सगळे आमच्याच वयाचे. सगळ्यांना वीस-वीस वर्षांचे हप्ते, म्हणून दोघांनाही नोकरी, आणि नोकरी दीड तास लांब. शाळा दोन पाळ्यांत भरते तरी बाकं पुरत नाहीत. आणि म्हातारं माणूस एक नाही. तीन खोल्यांत आई-वडील कुठे बसवायचे, म्हणून सगळे आपापले मागे ठेवून आलेत. दुपारी बाराला अख्ख्या गल्लीत पोरं आणि आपली आई, बाकी कुत्रं नाही. रस्त्याकडेला टेकायला एक बाकडंसुद्धा नाही. कोणाला लागणारच नाही असं धरून चाललेत.

गेल्या आठवड्यात माणसं मोजणारा आला होता. कोण किती वर्षांचं, सगळं विचारून झालं. मग म्हणाला, ‘साठीच्या पुढचं कोणी?’ मी आईकडे बोट केलं. त्यानं पेन थांबवलं. ‘बाई, तीन दिवस फिरतोय, हा रकाना आज पहिल्यांदा भरतोय.’ आई म्हणाली, ‘मग नीट लिही. खाडाखोड करू नकोस.’

पलीकडच्या गल्लीतून बायका तान्ही पोरं घेऊन येतात. परवा एक रडकुंडीला आलेली. ‘आजी, पुस्तकात लिहिलंय रडू द्या, सासू फोनवर म्हणते उचल. काय करू?’ आई म्हणाली, ‘पुस्तक रडतंय का? पोर रडतंय ना? उचल मग.’ आता तूच सांग, कोणाला नाही म्हणू?

आणि तुझ्या तांब्याची बादली झाली आहे. आई रोज दोनदा एक्केचाळीसवर जाते. मागे नऊ पोरं, प्रत्येकाच्या हातात मग. कामवाले आधी हसले, आता बाजूला सरकतात. परवा एकाला तिनं सुनावलं, ‘माझा मुलगा हेच काम करतो, मला शिकवू नकोस.’

तू कधी येतोस? ती विचारते. म्हणजे मीही विचारते.

ताई

१० मार्च

ताई,

कामवाल्यांना झापलं ते वाचून परांचीवरून पडता पडता राहिलो. इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचा मुकादम म्हणाला, तुझ्या आईला इकडे बोलाव, तुझ्यापेक्षा जास्त पगार देतो.

तिला सांग, सात दिवस झाले की पुरे. त्यानंतर भिंत आपली आपण जगते. खिडकीला कोणता रंग हवा तेही विचारून ठेव.

येण्याचं म्हणशील तर हा ब्लॉक संपू दे. शेवटची बावीस घरं आहेत. मधेच गेलो तर माझी थापी दुसऱ्याच्या हातात जाईल.

एक सांगतो. तुम्ही कोणी घरांच्या ऑफिसात जाऊन माझ्या नावानं चौकशी करत बसू नका. माझं त्यांच्याशी पत्रानं चालू आहे. भावोजींना सवय आहे मध्ये पडायची, म्हणून सांगितलं.

सोबत थोडे पाठवलेत. आईला हवाई चपला घे, ओल्या जमिनीवर घसरत नाहीत त्या.

तुझा भाऊ

६ मे

भिंगऱ्या,

एक्केचाळीसमध्ये माणसं राहायला आली आहेत.

तो बेकरीत भट्टीवर असतो, ती घरी शिवण करते. पंचवीस-सव्वीसची असतील. ट्रकमधून एक कपाट, एक शिलाई मशीन आणि एक पाळणा उतरला. पाळणा रिकामा आहे अजून, तिला चौथा महिना आहे. आई बादली घेऊन गेली तर दारात हे दोघं. ती परत आली आणि मला म्हणाली, ‘अगं, आपल्या घरात कोण शिरलंय बघ.’

मी ऑफिसात गेले. हो, गेलेच. त्यांनी वही उघडून दाखवली. त्या नंबरापुढे बेकरीवाल्याचं नाव आहे, गेल्या वर्षीपासून. तुझं नाव नाही. खोडलेलंही नाही. कधी नव्हतंच. बुकिंगचे पैसे तुझ्या हातात मी मोजून दिले होते, भिंगऱ्या. आईची बांगडी होती ती.

परत आले. दारात आई उभी. मी काय बोलले असेन? म्हटलं, ‘भाडेकरू आहेत आई. तो लांब आहे, घर रिकामं कशाला ठेवायचं, म्हणून त्यानं भाड्यानं दिलंय.’ तिचा चेहरा असा फुलला! म्हणाली, ‘हिशेबी झाला गं माझा पोरगा.’

रात्री मी एक्केचाळीसमध्ये जाऊन त्या दोघांचे पाय धरायचे बाकी ठेवले. शिवणवाली म्हणाली, ‘ताई, आम्हाला इथे कोणीच नाही. आजींना येऊ द्या. पाणीच मारतात ना?’

तेव्हा आता तू मालक आहेस आणि ते तुझे भाडेकरू. आईला लिहिशील तेव्हा ध्यानात ठेव. मी भांडणार नाही. मला एवढंच सांग, का?

आणि ये. लवकर ये.

ताई

२४ मे

ताई,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. आज सुट्टी आहे, लिहितो.

पैसे घेऊन मी ऑफिसात गेलो होतो, खोटं नाही. रांगेत माझा नंबर आला. बाईनं फॉर्म दिला, त्यावर वर एक्केचाळीस लिहिलेलं. बाहेर जमिनीवर चुन्यानं आखलेले चौकोन दिसत होते. ती म्हणाली, इथे सही, इथे सही, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला, वीस वर्षं. मी मनात हिशेब केला. वीस वर्षांनी मी पंचेचाळीसचा. तोपर्यंत दर पाच तारखेला त्याच चौकोनात उभा. ताई, माझा हात पेनवरच राहिला. मागचा माणूस म्हणाला, ‘करायची का नाही?’ तो बेकरीवालाच असेल बहुतेक. मी बाजूला झालो. फॉर्म मात्र खिशात घातला.

त्याच संध्याकाळी इकडची गाडी पकडली. भाडं त्यातूनच गेलं. राहिलेले कसे गेले ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही. थोडे उधार दिले, थोडे पोटात गेले, थोडे मूर्खपणात. आईला पहिलं पत्र लिहायला बसलो तर समोर तो फॉर्म. लिहून टाकलं, ‘आई, एक्केचाळीस नंबर घेतला.’ वाटलं, दोन महिन्यांत कमवून खरं करीन. मग तिचं उत्तर आलं की तिनं सगळ्या गल्लीला सांगितलंय. मग ते खोटं माझ्या हातात राहिलंच नाही.

दिवसभर मी लोकांच्या भिंती सरळ करतो. ओळंबा लावून. हसू येतं कधी कधी.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. आता कोणत्या तोंडानं येऊ? त्या गल्लीतून आई मला हाताला धरून नेणार, ‘हे बघ तुझं घर’ म्हणणार, आणि ते दोघं दारात उभे. मी तिथे काय करू? भाडं मागू?

बांगडीचे फेडतो. वेळ दे.

तुझा भाऊ

३ जुलै

माझ्या भिंगऱ्या,

ताई लिहिते आहे, मी सांगते तसं. तिला म्हटलं, तुझं काही घालू नकोस मध्ये.

तू जेवतोस का वेळेवर? तुझे भाडेकरू चांगले आहेत. तो पहाटेच भट्टीवर जातो, येताना माझ्यासाठी गरम पाव आणतो. ती पोटुशी आहे. तिला जड उचलू देत नाही मी. दोन महिन्यांचं भाडं त्यांनी माझ्या हातात दिलं, मी जपून ठेवलंय, तू आलास की देईन. पण आता त्यांना सांगितलं, बाळ होऊन तीन महिने होईपर्यंत भाडं देऊ नका. खर्चाचे दिवस आहेत. तू रागावशील का? रागावू नकोस. तुझ्या वेळी आपल्याला कोणी असं म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

तुझी भिंत छान आहे. रोज पाणी मारते. पोरं मदत करतात. ठकी आता बादली अर्धी उचलते. ती म्हणते, मामा आला की त्याला दाखवीन.

तू जेवतोस का वेळेवर? तुझे बाबा म्हणत होते, पोरगा वाळला असेल. भाडेकरूंना मी सांगितलंय, बाळ होईपर्यंत भाडं देऊ नका. तू रागावू नकोस.

तुझी बस किती वाजता येते ते कळव. इथे शेवटच्या थांब्यावर उतरायचं. सगळी घरं सारखी दिसतात, माझीसुद्धा गडबड होते. तू भिंत बघ. जी ओली असेल ती आपली.

तुझी आई

२० जुलै

आई,

मी रागावलो नाही. भाडं माफ. बाळ होऊन तीन महिने नाही, सहा महिने माफ. मालकानं सांगितलंय म्हणावं.

तू भाड्याचं दोनदा लिहिलंस आणि जेवणाचं पण दोनदा. ताईला कागद भरायचा होता वाटतं. आणि बाबा स्वप्नात येतात का तुझ्या? माझ्याही येतात. त्यांना सांग, वाळलो नाही, उन्हानं काळा पडलोय तेवढाच.

जेवतो मी. इथला आचारी मीठ विसरतो, पण पोट भरतं.

आता भिंतीला पाणी नको आई, खरंच. ती केव्हाच पक्की झाली. तू बस, पोरांकडून पाय चेपून घे. ऑगस्ट संपला की हा ब्लॉक संपतो, मग येतोच. बस कळवतो. ओल्या भिंतीची खूण लक्षात ठेवली.

ठकीला सांग, मामा आला की अख्खी बादली उचलून दाखव.

तुझा भिंगऱ्या

२ सप्टेंबर

भिंगऱ्या,

तू थट्टेवर नेलंस. चूक माझी, मीच सांगितलं नाही. तू तुझं लपवलंस, मी माझं.

आई विसरते आहे. हिवाळ्यापासून. इथला डॉक्टर फक्त लहान मुलांचा, म्हणून दोन बस बदलून शहरात नेलं. तो म्हणाला, हळूहळू सगळं जाईल, आणि हृदयही थकलंय. तुला का नाही कळवलं? तू घाईनं आला असतास, आणि घाईनं निघूनही गेला असतास. मला तू राहायला हवा होतास.

जुलैचं पत्र तिनं सांगितलं तसंच्या तसं लिहिलं होतं मी. मला वाटलं तुला वाचून कळेल.

गेल्या रविवारी तिनं बेकरीवाल्याला तुझ्या नावानं हाक मारली. ताट वाढलं, समोर बसली. तो जेवला. भूक नव्हती त्याला, तरी दोनदा मागून घेतलं. मी दाराआड उभी होते.

अजून दिवसातून एक-दोनदा ती ताळ्यावर असते. तेव्हा तुझंच विचारते. एक्केचाळीसची लाज धरू नकोस. मी थांब्यावर येईन, मागच्या वाटेनं घरी नेईन, ती गल्ली लागणारसुद्धा नाही.

ये रे.

ताई

१४ ऑक्टोबर

भिंगऱ्या,

तू आलास तिसऱ्या दिवशी. दोन दिवस राहिलास, एक शब्द विचारला नाहीस, आणि पहाटेच्या बसनं निघून गेलास. म्हणून आता लिहिते. वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण हे तुझ्याकडे असायला हवं.

सकाळचे नऊ वाजले असतील. ती बादली घेऊन गेली. निम्मं पाणी मारलं आणि बादली उलटी करून त्यावर बसली, पाठ तुझ्या भिंतीला टेकून. शिवणवालीनं खिडकीतून पाहिलं, तिला वाटलं दमली असेल. पोरं तिथेच खेळत होती. ‘आजी झोपली’ म्हणून ती हळू आवाजात खेळत होती, भिंगऱ्या. ठकी सगळ्यांना ‘शू’ करत होती. शिवणवाली चहा घेऊन बाहेर आली तेव्हा कळलं.

मग जे झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. सगळी गल्ली कामावरून परत आली. अंगणात उभं राहायला जागा नाही, आणि एकालाही ठाऊक नाही की आता काय करायचं असतं. कोणाच्या घरात मरण झालेलंच नाही. झालं ते मागे, दुसऱ्या कुठेतरी, मोठ्या माणसांनी निस्तरलेलं. लहान मुलांच्या डॉक्टरला आणलं, तो बिचारा बाळांची नळी घेऊन आला. दाखला कुठे मिळतो कोणाला माहीत नाही. गाडी कोणाला सांगायची, माहीत नाही. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या त्या रडक्या बाळाच्या आईनं आपल्या सासूला फोन लावला. पलीकडून सासू सांगायची, ही मोठ्यानं आम्हाला सांगायची. अंघोळ कशी घालायची, कपडे कसे घालायचे, हनुवटीला कापड कसं बांधायचं. मध्ये कुठे अडलं की कोणीतरी पटकन म्हणायचं, ‘आजींना विचारा.’

असं तीनदा झालं.

तिच्या पेटीत एक पाकीट सापडलं, सोबत पाठवते. वर माझ्या ठकीच्या अक्षरात लिहिलंय, ‘मामाचं भाडं’. महिना सातशे, दोन महिन्यांचे. मला वाटत होतं आई मनचं सांगते. शिवणवालीला विचारलं तर रडायला लागली. म्हणाली, ‘त्या पाच तारखेला दारात आल्या, इतक्या हक्कानं हात पुढे केला, की नाही म्हणवलं नाही. ताई, आमची आई असती तर तिच्या हातात दिलेच असते की.’ मी परत देऊ लागले तर घेईनात. आता तूच काय ते ठरव. मालक तू.

त्यांना मुलगी झाली. आई गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

ताई

२ नोव्हेंबर

ताई,

हा कागद उलटा करून बघ. तोच फॉर्म आहे. दीड वर्ष ट्रंकेत होता. दुसरा कागद सापडला असता, पण म्हटलं, यावर माझ्या हातचं काहीतरी लिहिलेलं असू दे.

तुझं सप्टेंबरचं पत्र मला पंधराला मिळालं. त्याच दिवशी पिशवी भरली. बस स्थानकावर जाऊन बसलो. गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टर म्हणाला, ‘यायचं का नाही?’ मला त्या ऑफिसातल्या रांगेची आठवण झाली. मी उठून खोलीवर परत आलो. स्वतःला सांगितलं, पगार घेऊन जाऊ, चार पैसे घेऊन जाऊ, रिकामा हात कसा दाखवू. तिला हात नको होता हे मला कळत होतं. बारा दिवस मी असाच आज-उद्या करत राहिलो. ती बाराच्या बारा दिवस बादली घेऊन जात असेल. यावर तुला काय बोलायचं ते बोल. भावोजींनाही बोलू दे. त्यांनी बस थांब्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी ठेवायला नको होता.

मी काही विचारलं नाही, कारण मला सगळं दिसत होतं. तुझ्या दारात चपला दिसल्या, ओल्यात घसरत नाहीत त्या. टाचेकडून झिजलेल्या. पुढच्या खोलीत तिचं अंथरूण होतं, त्यावर दुपारभर ऊन होतं. तू खरंच पुढच्या खोलीत ठेवलं होतंस.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तुम्ही सगळे झोपला होता तेव्हा मी एकटाच गेलो. नंबर बघावा लागला नाही. सगळ्या गल्लीत एकच भिंत गुडघ्यापर्यंत हिरवी होती. ताई, मी हात फिरवला. वरपासून खालपर्यंत, आमच्या हाताला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. बोटानं वाजवून पाहिलं, कुठे पोकळ नाही. एक रेघ नाही. शेजारची चाळीस बघ, बेचाळीस बघ, खिडकीच्या कोपऱ्यातून तडे गेलेत. मी स्वतः केलेल्या एकशे बावन्न घरांत अशी भिंत नाही. सात दिवस सांगितले होते मी. तिनं सात महिने मारलं.

तेवढ्यात बेकरीवाला कामावर जायला निघाला. मला बघून थांबला. ओळख सांगायची वेळच आली नाही, म्हणाला, ‘या मालक.’ थट्टा नव्हती त्यात. म्हणाला, ‘आजी म्हणायच्या, तुम्ही आलात की आधी भिंत बघाल.’ मला आत नेलं. दारात डाव्या हाताला बटणं. पुढच्या खोलीत मशीन आणि पाळणा. त्यांनी पोरगी माझ्या हातात दिली. मला धरता येईना, सिमेंटनं माझे हात खरखरीत झालेत, तिला टोचतील म्हणून. शिवणवालीनं विचारलं, ‘हिला सारखी उचकी लागते, पाणी द्यायचं का?’ मी म्हटलं, ‘मला काय माहीत?’ मग तिघंही दाराकडे बघत राहिलो.

तिथे मला बसवेना. म्हणून पहाटेची बस.

आता कामाचं. त्यांना सांग, भिंतीवरचं ते हिरवं खरवडून काढायला हवं, नाहीतर ओल आत शिरेल आणि पाळणा त्याच भिंतीला लागून आहे. तारेचा ब्रश घ्यायचा, खालून वर घासायचं, मग एक कोरडा आठवडा जाऊ द्यायचा आणि चुन्याचा हात द्यायचा. बेकरीवाल्याला जमेल. पण त्याला म्हणावं, उन्हाळ्यापर्यंत थांबलं तरी चालतं. तोपर्यंत मी येईन असं लिहिणार होतो. लिहीत नाही. आलो तर ब्रश घेऊन येईन.

तो माणसं मोजणारा पुन्हा आला तर त्याला सांग, रकाना खोडू नको. तिनं खाडाखोड करू नको म्हटलं होतं.

पाकिटातल्या नोटा मी ठेवून घेतल्या. त्या मोडायच्या नाहीत. बेकरीवाला पैसे परत घेत नाही म्हणतेस, तर पोरीच्या नावानं दे. म्हणावं, तुमच्या मालकानं भाडं माफ केलं होतं, पहिल्या दोन महिन्यांचंही. माझ्या मजुरीतले, आजच मिळालेले पाठवतोय. चौदाशे.